कोण राहिलं?

बसस्टँडच्या मागे, जुने टायर रचून ठेवायच्या शेडला लागून एक पत्र्याची खोली होती. आत एका भिंतीवर आसपासच्या सगळ्या गावांच्या रस्त्यांचा नकाशा, त्यावर रंगीत टाचण्या, टेबलावर दोन फोन आणि खुर्चीत एक बाई. तिचे हात आणि तोंड एकाच वेळी चालत, आणि बहुतेक वेळा तोंड पुढे असे. ड्रायव्हर लोक तिला कंट्रोलताई म्हणत. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं सुनेला घरी कधी पाहिलेलं नसणार, असं तिच्या सासूचं ठाम मत होतं.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. पूर्वी तिथं असं चालायचं, की दवाखान्याची गाडी दोनच पेशंट घेऊन शहराकडे जायची. तिच्या मागोमाग अपंग मुलांच्या शाळेची गाडी मुलं सोडून रिकामी परतायची. त्याच रस्त्यावरून स्टँडची बस यायची, ती मनात येईल तेव्हा. आणि फाट्यावर एखादी म्हातारी हात करून उभी असायची, तिला प्रत्येक ड्रायव्हर सांगायचा, ‘आजी, ही गाडी तुमच्यासाठी नाही.’ गाड्या तीन, रस्ता एक, आणि म्हातारी आपली उन्हात. शेवटी वरच्या कुणाला तरी शहाणपण सुचलं आणि या सगळ्या गाड्या एका दोरीत बांधायचं ठरलं. ज्याला जायचंय त्यानं खोलीत फोन करायचा, जी गाडी त्या वाटेनं जाणार असेल तिच्यात त्याला बसवायचं. त्या दोरीचं टोक कंट्रोलताईच्या हातात आलं, आणि तिनं ते असं घट्ट धरलं की विचारू नका. रिकामी सीट दिसली की तिचा जीव वरखाली व्हायचा. फोनवर ती कुणाला पुरतं वाक्य बोलू द्यायची नाही. ‘कुठून, कुठे, कधी? बसवते. ठेवा.’ कमी बोलण्यात जास्त माणसं बसतात, असा तिचा हिशेब होता. स्वतःच्या बोलण्याला मात्र हा हिशेब लागू नव्हता.

आणि तिची हजेरी! तिची हजेरी म्हणजे त्या रस्त्यावरची रोजची करमणूक होती. झालं होतं असं, की सुरुवातीच्या दिवसांत एक म्हातारबुवा परतीच्या वेळी दवाखान्याच्या बाकावरच राहून गेले आणि दिवेलागणीपर्यंत तिथं बसून राहिले. तेव्हापासून तिनं नियम घातला. गाडी भरली की ड्रायव्हरनं फोन स्पीकरवर टाकायचा, ती इकडून एकेकाला हाक मारणार आणि ज्यानं त्यानं स्वतः ओ द्यायची. नावं पाठ करायला तिला वेळ नव्हता. ती माणसांना त्यांच्या दुखण्यानं किंवा थांब्यानं ओळखायची.

“डोळेवाल्या आजी?”

“आहे गं बाई. दिसत नाही का?”

“डायलिसिसवाले मास्तर?”

“हजर! वरून अजून बोलावणं आलेलं नाही!”

“गुडघेवाल्या मामी?”

“चढले बाई एकदाची. उतरायचं उतरताना बघू.”

असं करत करत शेवटी ती मोठ्यांदा विचारायची, “कोण राहिलं?” आणि सगळी गाडी एका सुरात ओरडायची, “कोणी नाही!” मग गाडी हलायची. हे ‘कोण राहिलं’ तिनं कुठून उचललं, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिला आठवलंही असतं. पण कुणी विचारलं नाही आणि तिनंही आठवायची तसदी घेतली नाही.

अशात एके दिवशी दवाखान्यातल्या नोंदणीवाल्या मुलीचा फोन आला. “ताई, पुलाजवळचे एक काका आहेत. दर गुरुवारी यायचंय त्यांना, बरेच महिने. आणि ताई, एक सांगायचं होतं, त्यांना...”

“पूल, गुरुवार. मागच्या खिडकीजवळ बसवते. काळजी करू नकोस.” तोवर दुसरा फोन वाजत होता. तिनं ठेवून दिला.

पुलाजवळचे काका गुरुवारी यायला लागले. उंच, थोराड माणूस, पांढरा स्वच्छ शर्ट, एक पाय किंचित ओढत चालायचे. गाडीत चढून मागच्या खिडकीजवळ बसायचे ते थेट दवाखाना येईपर्यंत बाहेर बघत. डोळेवाल्या आजींनी चौकशी केली, उत्तर नाही. मास्तरांनी पुढे केलेल्या पानाच्या डबीकडे बघून नुसती मान हलवली. दोन फेऱ्यांत गाडीनं त्यांचं नाव ठेवलं, लाटसाहेब. हजेरीच्या वेळी ड्रायव्हरच त्यांच्या वतीनं सांगायचा, “बसलेत हो ताई, बसलेत.” हा ड्रायव्हर मोठ्या मिशांचा आणि लहान तोंडाचा माणूस होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पुढच्या गुरुवारी कंट्रोलताई भलतीच खुशीत होती. सकाळपासून एकही सीट रिकामी गेली नव्हती. पुलावर गाडी थांबली, काका चढले आणि हजेरी त्यांच्यापाशी आली.

“पुलाजवळचे काका?”

“बसलेत,” ड्रायव्हर म्हणाला.

“तू कशाला सांगतोस? त्यांना तोंड नाही का? काय हो लाटसाहेब, मूग गिळून बसलात की काय? की आमच्या हजेरीला ओ द्यायला कमीपणा वाटतो?”

गाडी हसली. तिला आणखी चेव आला. “आज ओ दिल्याशिवाय गाडी हलणार नाही. सगळ्यांनी ऐकून घ्या! उशीर झाला तर यांच्या नावानं खडे फोडा!”

फोनमधून एक आवाज आला. “भ... भ... अ...” कुणीतरी बुडबुडे सोडावेत तसा. गाडीला वाटलं, म्हातारा आता रंगात आला, नकला करतोय. हशा आधीच्या दुप्पट झाला. पत्र्याच्या खोलीत कंट्रोलताईही टेबलावर हात मारून हसली. हे विसरून चालणार नाही. तीसुद्धा हसली, आणि मनापासून हसली.

मग त्या हशातच पत्र्यावर बोटांच्या पेरांनी मारलेला एक ठोका ऐकू आला. एकच. ड्रायव्हरनं गाडी नुकतीच हलवली होती, ती त्यानं का कोण जाणे लगेच थांबवली. दार उघडल्याचा आवाज आला.

“उतरले ताई,” ड्रायव्हर म्हणाला.

“उतरू दे. नखरे नुसते!” ती म्हणाली आणि पुढच्या फोनला लागली.

पुढच्या गुरुवारी काका पुलावर नव्हते. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाहीत. ती सीट रिकामी गेली म्हणून कंट्रोलताईचं डोकं फिरलं आणि तिनं स्वतःच दवाखान्यात फोन लावला. नोंदणीवाली मुलगी म्हणाली, “मीच तुम्हाला करणार होते ताई. वाचा-उपचारवाल्या मॅडम रोज विचारताहेत. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेलीय त्यांची. आत्ता सराव सुटला तर पुढं शब्द परत येणं अवघड आहे म्हणतात. आणि तुमच्या गाडीशिवाय ते येणार कसे?”

कंट्रोलताईच्या हातातली टाचणी हातातच राहिली. “वाचा गेलीय? म्हणजे... बोलता येत नाही?”

“हो.”

“मग हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगतच होते ताई,” मुलगी हळूच म्हणाली. “तुम्ही फोन ठेवलात.”

तिनं पुरतं ऐकलं. या वेळी फोन मुलीनं ठेवला, तरी ती रिसीव्हर कानाला लावून बसून राहिली. तो हशा तिच्या कानात पुन्हा सुरू झाला आणि त्यात तिला स्वतःचा आवाज वेगळा ओळखू यायला लागला. दुसरा फोन वाजून वाजून थांबला. दुपारच्या फेरीची हजेरी तिनं घेतली नाही, ‘मोजून घे आणि निघ,’ एवढंच सांगितलं. डोळेवाल्या आजी ओरडून विचारत होत्या, “कंट्रोलताईला काय झालं गं? मूग गिळलेस का?” सगळे हसले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. कोणत्याही गोष्टीवर, आधी थोडं वाहून जाऊ द्यावं, असा त्याचा सल्ला असायचा. “तुला माहीत नव्हतं. मुद्दाम केलंस का तू?” तो म्हणाला.

कोपऱ्यात औषधाच्या गोळ्या निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “मुद्दाम नाही, घाईनं केलं. दुसऱ्यांच्या गाड्या चालवते आणि स्वतःच्या तोंडाला ब्रेक नाही. मुद्दाम करणारा निदान एकालाच दुखवतो.”

इतर वेळी तिनं सासूला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी ती म्हणाली, “खरं आहे तुमचं.” सासूबाईंनी घाबरून चष्मा काढला आणि सुनेला ताप आहे का ते पाहिलं.

सुट्टीच्या दिवशी ती पुलाजवळच्या घरी गेली. एक लांबट खोली, दारापाशी शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेली बाही, आणि मागच्या बाजूला खाटेवर पाठमोरे बसलेले काका. मशीनवर त्यांची मुलगी होती. कंट्रोलताईनं, “हेच का पुलाजवळच्या काकांचं घर?” एवढंच विचारलं, आणि मुलीचा पाय मशीनवरून निघाला.

“फोनवरच्या तुम्हीच ना? हा आवाज ओळखते मी. हजेरीला इथल्या अंगणापर्यंत ऐकू येतो.”

“माफी मागायला आलेय.”

“मागा ना. ते काय, बसलेत. ते काही तुम्हाला ओरडून बोलणार नाहीत. बिनधास्त मागा.” मुलीचा आवाज चिरकला. “रोज आरशापुढं बसून सराव करायचे हो. पा, बा, मा. लहान पोरासारखा. गेल्या महिन्यात ‘पाणी’ म्हणाले. मी इथं मशीनवर रडले. आता पाणी हवं असलं की पेला वाजवतात. आरसा पालथा घालून ठेवलाय.”

कंट्रोलताई घरून वाक्यं जुळवून आली होती. त्यातलं एकही तिला सापडेना. “मी वेगळी गाडी पाठवते,” ती घाईघाईनं म्हणाली. “एकट्या काकांसाठी. दवाखान्याची लहान गाडी...”

“म्हणजे त्या दिवशी तिची ज्यांना गरज असेल ते कुठं जातील?” मुलीनं विचारलं. “उपकार नकोत आम्हाला.”

खाटेवरून काकांनी मागे न वळता हात हलवला. नको. बस्स, नको.

तेव्हा तिची नजर बाजूला वळली आणि भिंतीवरच्या खिळ्यापाशी अडकली. खिळ्याला तिकिटाला भोक पाडायचा चिमटा टांगलेला होता. जुना, मुठीत धरून धरून गुळगुळीत झालेला.

“कंडक्टर होते?” तिनं विचारलं.

“जन्मभर. याच रस्त्याला. यांच्या आवाजावर लोक घरातून निघायचे.”

तिनं त्या पाठीकडे पाहिलं आणि तिला खांदे ओळखू आले. शाळेत जायची तेव्हा तिचं घर सगळ्यांत लांब, बांधापलीकडे. रोज उशीर, रोज बांधावरून पळत येणं, दप्तर एकीकडे आणि वेणी दुसरीकडे. बस सुटायच्या वेळेला कंडक्टरकाका पायरीवर उभे राहून सगळीकडे नजर फिरवायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, “कोण राहिलं?” सगळी बस ओरडायची, “राहिलेली राहिली!” राहिलेली म्हणजे ती. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. “येऊ द्या आमच्या राहिलेलीला. तिच्याशिवाय गाडी हलकी पडते,” असं म्हणून ते घंटीच्या दोरीवरचा हात काढून घ्यायचे आणि थांबायचे. ड्रायव्हर कुरकुर करायचा, ते थांबायचे. एकदा चप्पल चिखलात रुतली तेव्हा स्वतः उतरून ती काढून आणली होती. सगळ्या बसदेखत तिची थट्टा व्हायची आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कारण बस थांबलेली असायची.

तिनं त्यांची हाक उचलली होती, त्यांची थट्टा उचलली होती. थांबणं तेवढं उचललं नव्हतं.

‘काका, मी राहिलेली,’ एवढं म्हटलं असतं तर ते कदाचित वळले असते. नेमकं तेच तिला करवेना. जुनी ओळख काढून सवलत मागायची, आणि तीही या माणसाकडे? “येते,” म्हणून ती निघाली. कुणी ‘या’ म्हटलं नाही.

गुरुवारी तिनं खोलीतले फोन सुट्टीच्या दिवशी तिच्या जागी बसणाऱ्या बाईकडे सोपवले, गाडी नेहमीपेक्षा लवकर काढली आणि स्वतः गाडीत बसली, त्या मागच्या खिडकीजवळच्या सीटवर. पुलाच्या अलीकडे ती उभी राहिली. “आजपासून हजेरी बंद,” ती म्हणाली. “ड्रायव्हर मोजून घेईल. मागं मी इथं एका माणसाचा अपमान केला. तुम्ही हसलात ते माझ्यामुळे हसलात. चूक माझी आहे.”

“पण ते बोलले का नाहीत मग?” गुडघेवाल्या मामींनी विचारलं.

उत्तर तिच्या जिभेवर होतं. तिनं ते गिळलं. “ते त्यांचं त्यांना माहीत. सांगायचा हक्क माझा नाही.”

मामी खिडकीबाहेर बघायला लागल्या. मास्तरांनी पानाची डबी उघडली आणि तशीच मिटली. बहुधा त्यांना कळलं असावं.

पुलावर कुणी नव्हतं. “थांब,” ती म्हणाली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कंट्रोलताईची गाडी माणसासाठी थांबली, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. ती उतरून काकांच्या दारात गेली. आत पाऊल टाकायचा धीर झाला नाही. “गाडी थांबलीय,” ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली. “हजेरी होणार नाही. कुणी काही विचारणार नाही.”

काका जागचे हलले नाहीत. ती उभी राहिली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ती गप्प उभी राहिली, आणि गप्प राहणं इतकं अवघड असतं हे तिला माहीत नव्हतं.

शेवटी मुलगीच खिडकीतून डोकावून म्हणाली, “बाबा, अहो सगळी गाडी खोळंबलीय. ते डायलिसिसवाले मास्तर घामाघूम झालेत.”

काका वळले. खिडकीपाशी येऊन त्यांनी गाडीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. मग खुंटीवरचा पांढरा शर्ट चढवला आणि चपला शोधायला लागले. ही तिला मिळालेली माफी नव्हती, हे तिला स्वच्छ कळलं. त्यांच्या पायी गाडी खोळंबणं त्यांना सोसत नव्हतं, इतकंच. उंबरा ओलांडावा तसे ते तिला ओलांडून गेले.

ते मागच्या खिडकीजवळ बसले तेव्हा गाडी भरली. एकही सीट रिकामी नव्हती. भरलीच होती तिनं, स्वतःच्या हातानं. ती रस्त्यावर उभी राहिली आणि ड्रायव्हरला खूण केली, जा. स्टँडची बस मागून केव्हातरी आली असती. ती आली नसती तर पायी गेली असती. त्यांच्याबरोबर बसायचं नाही म्हणून तिला खरं तर सुटल्यासारखंच वाटलं, आणि तसं वाटलं याची आणखी लाज वाटली.

गाडी सुटली. पुलाच्या मध्यावर गेली.

ठक्. पत्र्यावर एकच ठोका पडला.

गाडी थांबली. पुन्हा उतरताहेत असंच तिला वाटलं. पण दार उघडलं, आणि मागच्या खिडकीतून एक लांब हात बाहेर आला आणि तिच्या दिशेनं हलला. या. लवकर या. ती चालायला लागली, आणि मग तिच्या वयाला आणि अंगाला न शोभेल अशी पळायलाच लागली. पदर एकीकडे, पिशवी दुसरीकडे. एक चप्पल पुलावर निसटली, ती हातात घेऊन ती चढली.

काका खिडकीला अंग चोरून बसले होते. शेजारी अर्धी सीट मोकळी केली होती. ती टोकावर टेकली. त्यांनी एकदा सगळ्या गाडीवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओठ नुसते हलत होते. ती नजर तिच्यापर्यंत येऊन संपली. मग त्यांनी पत्र्यावर दोन ठोके मारले आणि गाडी निघाली.

तिच्या हातात चप्पल तशीच होती. काकांनी त्या चपलेकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. भुवया जवळ आल्या.

“काका,” ती म्हणाली, “मी... मी ती...” पुढचा शब्द फुटेना. तोंडातून नुसताच एक वेडावाकडा आवाज आला. गाडीत कुणी हसलं नाही. काकांनी पुढं झुकून कान तिच्याजवळ आणला, आणि तिचा शब्द येईपर्यंत थांबले.